डावीकडची खालची खिडकी

४ फेब्रुवारी, बुधवार

फोटो फुटला! आमचं नवं प्रवासी डिझेल इंजिन चाचणीसाठी कारखान्याबाहेर ओढून काढत होते, तेव्हा कुणीतरी मागच्या कुंपणावरून काढला. साडेनऊला फोटो, अकरापर्यंत रेल्वेवेड्यांच्या मंडळाच्या पानावर चारशे प्रतिक्रिया.

पहिली — "ही इस्त्री कुणाची?"

दुसरी — "वायर कुठाय?"

झालं. चार वर्षं काम केलं आणि बारसं दोन मिनिटांत आटोपलं. इस्त्री.

मोठे साहेब हादरलेत. बोलावून म्हणाले, "या लोकांच्या प्रतिक्रिया रोज वाचा. महिन्याने अहवाल द्या." मी म्हटलं, "साहेब, इंजिनाचा तोंडवळा मीच काढलाय. मीच वाचू?" तर म्हणे, "तुम्ही शांत असता. दुसरं कुणी भांडायला बसेल."

शांत! आईला जाऊन सात महिने झाले, तेव्हापासून सगळे मला हेच म्हणतात. खरं म्हणजे आत काही हलतच नाही. दात काढताना गाल बधिर करतात, तसं. चावलं तरी कळत नाही.

५ फेब्रुवारी

आजवरची नावं — इस्त्री, फ्रीज, साबणाची वडी, सर्दी झालेला बेडूक. एकाने इंजिनावर डोळे आणि मिशा काढून टाकल्यात. बऱ्या दिसतात.

रंगवाली रडली. (रंगवाली म्हणजे आमच्या विभागात रंग ठरवते ती. शेजारच्या टेबलावर बसते, माझा अर्धा डबा खाते.) तिच्या निळ्या पट्ट्याला कुणीतरी "दवाखान्याची भिंत" म्हटलं. सतरा छटांतून निवडलेला निळा! मी तिला पाणी दिलं. ती म्हणाली, "तुला काहीच वाटत नाही? दगड आहेस का गं?"

असेन.

वहीत दोन रकाने केलेत. बरं बोलणारे अकरा. वाईट बोलणारे तीनशे नव्वद.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज सुट्टी. पलीकडच्या खोलीत बाबा सकाळपासून एका बोटाने टंकत होते. खट्. खट्. मग बराच वेळ काही नाही. अक्षर शोधत असणार. मग पुन्हा खट्.

बाबा पस्तीस वर्षं डिझेलवर चालक होते. निवृत्तीनंतर या मंडळाचे आधारस्तंभ! तिथे त्यांचं नाव 'जुनं लोखंड'. हे मी जाणते, हे त्यांना माहीत नाही. आणि हे इंजिन माझं, हेही त्यांना माहीत नाही. त्यांना वाटतं मी अजून डब्यांच्या आसनांवर काम करते. काम गुप्त ठेवायचं म्हणून आधी सांगितलं नाही. आता सांगायला हरकत नाही, पण घरात बोलणंच होत नाही. आई गेली आणि मी सामान घेऊन इथे राहायला आले — त्यांना सोबत म्हणून. दोन माणसं एकाच घरात आपापले कप विसळतात, तसली सोबत.

अकराला खटखट थांबली आणि माझ्या फोनवर त्यांचं लिखाण उमटलं. भिंतीपलीकडून अलीकडे यायला दोन तास लागले.

"इंजिन इस्त्रीसारखं दिसतं म्हणून मला काही दुखत नाही. दिसू दे. पण चालकाच्या खोलीला डाव्या बाजूला खाली ती एवढीशी खिडकी कशाला? ज्याने ती काढली त्याने इंजिनात कधी पाय ठेवला नसणार. चालकाने समोर पाहायचं. खिडकी बुजवा. — जुनं लोखंड."

दोनशे जणांनी अंगठे दिले.

दुपारी जेवताना म्हणाले, "भाजीत मीठ कमी आहे का?" मी म्हटलं, "असेल."

८ फेब्रुवारी

त्या खिडकीबद्दल लिहिते. इथे तरी.

आम्ही रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. पाच मिनिटांवर फाटक. सकाळची दहाची पॅसेंजर बाबा न्यायचे, आणि आई मला घेऊन फाटकापाशी उभी राहायची. बाबांना टाटा करायला. रुळांच्या अलीकडे, घराच्या बाजूला मोठं झाड होतं, गार सावली, बसायला दगडी बाक. बाकीच्या बायका तिथे गप्पा छाटत बसायच्या. पण आई फाटक पडायच्या आत मला ओढत रूळ ओलांडून पलीकडे न्यायची. पलीकडे नुसती खडी आणि काटेरी झुडपं. डोक्यावर ऊन. मी कुरकुर करायचे. ती म्हणायची, "इथूनच उभं राहायचं. हात हलव."

गाडी यायची, भोंगा वाजायचा, धडधडत निघून जायची. आई म्हणायची, "पाहिलं हं बाबांनी!"

नोकरीला लागल्यावर, तिसऱ्या आठवड्यात, जुन्या इंजिनाचा आराखडा हाती आला. पुढे हे लांबलचक नाक. चालक बसतो उजवीकडे. नाकाच्या डावीकडे, रुळाजवळ, त्याला काहीही दिसत नाही. आम्ही रोज डावीकडे उभ्या राहायचो! आणि तो भोंगा फाटकासाठीचा, नियमाचा. तो वाजवावाच लागतो.

म्हणजे बाबांनी आम्हाला एकदाही पाहिलं नाही. आईला बिचारीला इंजिनातलं काय कळणार. भाबडेपणाने चुकीच्या बाजूला उभी राहिली, तीन वर्षं.

म्हणून ती खिडकी. उजवीकडे बसलेल्या चालकाच्या डोळ्यांपासून रेघ मारली — डाव्या रुळापासून चार मीटरवर, तीन फूट उंचीचं मूल. रेघ जिथे पत्र्याला लागली तिथे भोक पाडलं. कागदावर कारण लिहिलं, 'फाटकाजवळील दृश्यता'. पहिलं इंजिन बाहेर पडलं की आईला न्यायची होती. चालकाच्या जागेवर बसवणार होते, म्हणणार होते — बघ, आता दिसतं.

राहिलं.

१० फेब्रुवारी

खिडकी आता प्रसिद्ध झाली! मंडळात दोन तट पडलेत. एक गट म्हणतो, डबे जोडताना खाली बघायला. दुसरा म्हणतो, कुत्र्यासाठी. 'सेकंद' नावाचा एकजण आहे — गाड्यांच्या वेळा सेकंदात लिहितो म्हणून सेकंद. त्याने फोटो उलटासुलटा करून सिद्ध केलं, की उजव्या बाजूचा पत्रा चुकून डावीकडे बसवलाय आणि कारखान्यात कुणाच्या लक्षात आलेलं नाही. आकृत्या! बाण! सहा पानं!

रंगवाली वाचून हसून लोळली. मी 'वाईट' रकान्यात सहा खुणा केल्या.

१३ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावलं. उत्पादनवाल्यांना हवंच होतं निमित्त. "एक भोक कमी, एक गळती कमी," म्हणाले. "लोकही शिव्या घालतायत. शिवाय तो कोण जुनं लोखंड, अनुभवी दिसतो, त्याचं लिखाण वर दाखवलंय. सहा मार्चला बैठक. तुम्हाला खिडकी ठेवायची असेल तर तयारीने या. नाहीतर पुढच्या सगळ्या इंजिनांवरून ती गेली समजा."

बाहेर आले. रंगवालीला सगळं सांगितलं — आई, फाटक, जुनं लोखंड कोण ते. तिने कपाळावर हात मारून घेतला. "अगं, घरातच वैरी पाळलास की! सांग ना त्यांना, खिडकी कुणासाठी आहे ते. एका मिनिटात पलटतील."

सांगणार नाही. काय सांगू? तुम्ही आम्हाला कधी पाहिलंच नाही, हे?

आईचा चष्मा अजून फोनच्या शेजारच्या खणात आहे. आज खण उघडला, पेन घेतलं, बंद केला.

१७ फेब्रुवारी

जेवताना बाबा आपणहून बोलले. "तुमच्या कारखान्यात ते नवं इंजिन. कुणी काढलंय, ओळखतेस का?"

"तोंडओळख आहे."

"कसा आहे माणूस?"

"शांत आहे."

"हं. त्याला म्हणावं, नाक बरं जमलंय. पुढून चांगलं दिसत असणार बसणाऱ्याला. पण खिडकी—"

"खिडकीचं काय एवढं, बाबा?"

"काही नाही. नको, एवढंच," म्हणाले, आणि उठलेच. अर्धी पोळी टाकून! ताटात अन्न टाकलेलं त्यांना आमचंही चालत नाही.

२० फेब्रुवारी

आज गंमतच झाली. इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीवर चाललं. 'भोंगा' — हा मंडळातला भोंगे गोळा करणारा — याने कुंपणाबाहेरून आवाज टिपला आणि चढवला. बावीस सेकंद. जाडसर, दोन सुरांचा, शेवटी जरा खाली उतरणारा.

आणि सगळे विरघळले! ज्याने बेडूक म्हटलं होतं तो लिहितो, "माझं वय बावन्न. डोळ्यांत पाणी आलं." इस्त्री तीच, पण आता लाडाने. "आमची इस्त्री." कुणी म्हणे तिला जवळून पाहिल्याशिवाय बोलू नये. पंधरा दिवस काय करत होता मग?

बरं — एकशे नव्वद. वाईट — चाळीस. खिडकीवर मात्र अजून खडाजंगी.

पलीकडच्या खोलीत बाबांनी तो आवाज चार वेळा लावला. मोजलं मी. नंतर खटखट ऐकू आली नाही.

२१ फेब्रुवारी

रकाने भरले. कपडे वाळत घातले. दुसरं काही नाही.

२६ फेब्रुवारी

साहेबांनी डोकं चालवलं. मंडळाला रविवारी कारखान्यात बोलावलंय — चाळीस जण, रीतसर, इंजिनात बसून बघा. बाबांनाही निमंत्रण आलं असणार, कारण आज स्वतः पँटला इस्त्री करत होते. मला म्हणाले, "रविवारी जरा बाहेर जाणार आहे. मित्र आहेत."

मी म्हटलं, "मलाही काम आहे."

दोघंही एकाच दरवाजाने आत जाणार. जाऊ दे. बघतील ते बघतील.

रंगवाली म्हणते, खिडकी लोकांना कळायची असेल तर दाखवायला काहीतरी हवं. तिने प्लायवुडचं मूल कापलं. तीन फूट उंच, एक हात वर. अंगात फ्रॉक — इंजिनाच्याच निळ्यातून उरलेला रंग. "कसं आहे?" म्हणाली. मी म्हटलं, "मापात आहे."

१ मार्च, रविवार

दमलेय. पण लिहून टाकते.

चाळीस माणसं, चाळीस कॅमेरे, आणि एकमेकांना टोपणनावांनी हाका! सेकंद म्हणजे दातांचा डॉक्टर निघाला. भोंगा म्हणजे तर शाळेतून निवृत्त झालेल्या एक गाणंबाई, पांढरा अंबाडा, हातात ध्वनिमुद्रक. इंजिनाच्या अंगावरून हात फिरवत होत्या. सेकंद डाव्या बाजूला वाकून वाकून पत्र्याचे जोड मोजत होता. मग उठला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "माझी सहा पानं चुकली. हा पत्रा मुद्दाम असा आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाबा दिसले. मीही त्यांना दिसले. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र त्यांनी वाचलं — 'बाह्यरचना, नवे इंजिन'. ओळख दिली नाही असं नाही, मान हलवली. मग रांगेत जाऊन उभे राहिले.

एकेक जण चालकाच्या जागेवर बसत होता. डावीकडे चार मीटरवर रंगवालीने तिचं प्लायवुडचं मूल उभं केलं होतं. मी दाराशी. प्रत्येकाला सांगत होते, आता डावीकडे, खाली बघा. प्रत्येक जण म्हणायचा, "अरे! दिसतंय की!" भोंगाबाईंनी तर त्या मुलाला हात केला.

बाबांची पाळी आली. बसले. हात आपोआप दांड्यांवर गेले. समोर बघत राहिले, पाठ ताठ. मी म्हटलं, "डावीकडे, खाली बघा." सगळ्यांना म्हणत होते तसंच. आवाज वेगळा झाला नाही माझा.

ते बघेनात. मी पुन्हा म्हटलं.

मग बघितलं. किती वेळ, कुणास ठाऊक. मागचे लोक चुळबुळायला लागले. बाबा उठले, शिडी उतरले, रुमालाने हात पुसले आणि फाटकाबाहेर चालायला लागले. चहासुद्धा घेतला नाही.

रंगवाली म्हणाली, "पाझरले वाटतं."

मला कळलं नाही.

२ मार्च

आपापले कप विसळले. खटखट नाही.

४ मार्च

खटखट नाही. मंडळात विचारणा सुरू झालीय — "जुनं लोखंड कुठे आहे? प्रत्यक्ष बघून काय मत झालं? वाट पाहतोय." गाणंबाईंनी लिहिलं, "अहो, तब्येत बरी ना?"

मी दाराबाहेरून विचारलं, "बाबा, चहा?" म्हणाले, "ठेव."

६ मार्च, शुक्रवार

खिडकी राहिली!

बैठकीत उत्पादनवाले गळतीचं तुणतुणं घेऊन आलेच होते. मी अहवाल वाचला. सेकंदचं पत्र वाचलं, रविवारच्या चाळीसपैकी छत्तीस सह्या दाखवल्या. मग तीन फुटांचं मूल आणि ती रेघ. साहेब म्हणाले, "ठीक. राहू द्या." पुढच्या सगळ्या इंजिनांवर. रंगवालीने मला उचलूनच धरलं मधल्या वाटेत, लोक बघतायत तरी.

मंडळातही जल्लोष. "आमच्या इस्त्रीची खिडकी वाचली!" महिन्यापूर्वी हेच लोक ती बुजवायला निघाले होते.

जिंकले. म्हणजे आनंद व्हायला हवा. वाट बघितली. बसमध्ये बघितली, जिना चढताना बघितली. काही आलं नाही.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं, "खिडकी राहिली." आणि मग एकदाचं तेही सांगून टाकलं — ती आईसाठी होती, आणि तुम्हाला आम्ही कधी दिसलोच नाही हे मला ठाऊक आहे. एका दमात. पाढे म्हणावेत तसं.

ते खुर्चीत बसले. म्हणाले, "उद्या बोलू."

७ मार्च

बाबा सकाळपासून माळ्यावरची ट्रंक उपसतायत. मदत नको म्हणाले.

८ मार्च, रविवार

बाबांनी एक पिवळा कागद पुढ्यात ठेवला. त्यांच्या निलंबनाचा. तीन महिने. 'लाल सिग्नल ओलांडला.' मी साडेतीन वर्षांची होते तेव्हा. मला आठवतं ते एवढंच, की बाबा खूप दिवस घरी होते आणि त्यांनी मला बुटाची नाडी बांधायला शिकवली.

म्हणाले, "आधी तुम्ही सावलीत, घराच्या बाजूला उभ्या राहायच्या. माझ्याच बाजूला. रोज दिसायचात. तू हात हलवायचीस आणि मी बघत बसायचो. एक दिवस बघतच राहिलो. पुढे मालगाडी उभी होती. थोडक्यात वाचलो — साताठ डबे भरून माणसं होती गं मागे. चौकशीत म्हटलं, डोळ्यात कचरा गेला. खरं फक्त तुझ्या आईला सांगितलं. पुन्हा कामावर गेलो त्या दिवसापासून तिने बाजू बदलली. तू गाडी बघितल्याशिवाय जेवायची नाहीस, म्हणून यायची. पण मला दिसणार नाही अशा ठिकाणी. मला माहीत असायचं तुम्ही तिथे आहात. भोंगा जरा लांबवायचो. तेवढंच."

मग म्हणाले, "खिडकी असली की माणूस बघतोच, पोरी. रविवारी मीही बघत राहिलो."

साहेबांना फोन केला. म्हटलं, खिडकी काढा. ते चिडले, कारण काय म्हणाले. म्हटलं, चालकाने समोर पाहायचं.

फोन ठेवला आणि खणातून आईचा चष्मा काढला. आणि मग सुरू झालं, थांबेचना. बाबा शेजारी येऊन बसले.

आईला सगळं कळत होतं. सावली सोडून ती रोज उन्हात उभी राहायची.